आख्खं नाव

पुणे,
१९ जुलै १९९८

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

मी यशोधरा. अवसरी खुर्दच्या नानासाहेबांची थोरली मुलगी. आजी गेली तेव्हा तू आली होतीस, पण वस्तीत आली नाहीस. एसटीच्या थांब्यावर उभी राहिलीस. मी पाण्याचा तांब्या घेऊन पळत आले, तर तू विचारलंस, "बापाला विचारून आलीस का?" मी तांब्या तसाच पुढे धरला आणि तू पाणी न पिताच पुढच्या गाडीने परत गेलीस. मला ते विसरता येत नाही.

मी यंदा बी.ए. झाले. आपल्या घरात पहिलीच. पुण्यात लोककलांचा अभ्यास करणारं एक केंद्र आहे, तिथे सहायक म्हणून लागले आहे. कामासाठी वाचताना एका रशियन बाईंची माहिती सापडली. बॅले नावाचा त्यांच्याकडचा नाच असतो, त्याच्या त्या शिक्षिका. वडील नाट्यगृहात लोकांना जागा दाखवायचे. घरी गरिबी. रूप बेताचं म्हणून मोठ्या भूमिका मिळता मिळता उमेद सरत आली. नाचणं थांबल्यावर त्यांनी शिकवायला घेतलं आणि आपली शिकवण्याची रीत लिहून ठेवली. आज त्या हयात नाहीत, पण त्यांची रीत जगभर त्यांच्याच नावाने शिकवतात. ज्या शाळेत त्या शिकल्या, त्या शाळेलाही त्यांचंच नाव आहे.

वाचताना सारखी तूच डोळ्यांपुढे येत होतीस. नारायणगावच्या फडांमधल्या निम्म्या मुली तुझ्या हाताखालच्या, असं केंद्र चालवणाऱ्या आमच्या मॅडमनीही ऐकलं आहे. तुझी रीत मला लिहून घेऊ देशील का? पावसाळ्यात फड बंद असतात तेव्हा तू मुलींना शिकवतेस असं कळलं. मी दर रविवारी येईन. बाबांना अजून सांगितलेलं नाही, म्हणून उत्तर वसतिगृहाच्या पत्त्यावर पाठव.

तुझी,
यशोधरा

*

वारूळवाडी,
३० जुलै १९९८

यशोधराला आत्याचा जयभीम.

तुझं पत्र आलं. मी शाळा चवथीपर्यंतच केली, म्हणून लिहिते तसं वाच, चुका काढू नको. बोलते तसंच लिहिते.

तुझ्या रशियावालीचं वाचून दाखवलं पोरींना. लई हसल्या. रशिया म्हंजी बर्फाचा मुलूख ना? आन तिथल्या बाया पायाच्या अंगठ्यावर उभ्या राहून नाचत्यात म्हणं. आमची साळू म्हणाली, "बाई, त्यांना खाली गार लागत आसंल." मी म्हणलं, त्यांची वढ आभाळाकडं, आपली जमिनीकडं. आपल्याला टाच आपटायची, त्यांना उचलायची. कष्ट दोघींला सारखंच.

मला एक सांग. तिला भाऊ व्हता का? व्हता तर तो तिला घरात घेत व्हता का? पुस्तकात आसंल तर बघ.

तू ये. पण माझी रीत आधी सांगते, मागून कटकट नको. पहिल्या पावसाळ्यात पोरीच्या पायात मी चाळ बांधत न्हाई. फळीवर नुसत्या पायानं नाचायचं, आन मी तिच्याकडं पाठ करून बसते. पाय डोळ्यानं बघितला की मन फसतं, पोरगी दिसायला चांगली आसली की पायबी चांगला वाटतो. कानाला कोण फसवणार? मग दसऱ्याला मी माझ्या हातानं चाळ बांधते, आन पोरगी फळीला हात लावून गुरूचं नाव घेती. ज्याच्या हातानं चाळ बांधले त्याचं नाव जन्मभर घ्यायचं, हा आमचा रिवाज.

तू लिहिणारी बाई. तुला बांधायचे का चाळ? भिऊ नको, चेष्टा केली.

येताना नानाच्या तब्येतीचं सांग. तो सांगणार न्हाई, तूच सांग.

आत्या

*

पुणे,
११ ऑक्टोबर १९९८

प्रिय आत्या,

दसऱ्यानंतरची झोप झाली का? तुझ्या मुली आता फडांबरोबर गावोगाव निघाल्या असतील.

अकरा पाठ लिहून पूर्ण झाले. मॅडमना दाखवले. त्या म्हणाल्या, "हे सोनं आहे." केंद्राने पाठवलेले व्हिडिओवाले तुला सारखं "इकडे तोंड करा" म्हणत होते आणि तू त्यांच्याकडेही पाठच करून बसलीस, ते आठवून मी अजून हसते. मॅडमना मात्र तुझं तोंड दिसत नाही याचं वाईट वाटलं.

तू परवा पुन्हा म्हणालीस, "एकदा चाळ बांधून बघ, म्हंजी तुला कळंल काय लिहितेस ते." मी नको म्हटलं. रागावू नकोस. बाबांना कळलं तर, ही एक गोष्ट. पण खरं सांगायचं तर माझ्याच मनाला ते पटत नाही. धम्म घेतल्यावर आपल्या वस्तीने ढोलकी, तुणतुणं विहिरीत टाकलं. गावापुढे नाचणार नाही अशी शपथ घेतली. ती शपथ घेतली म्हणून मी शाळेत गेले. तुझी कला थोर आहे असं मला मनापासून वाटतं, आणि ती शपथही मला तितकीच खरी वाटते. म्हणून मी फक्त लिहिणार. लिहिणं हे माझं नाचणं समज.

रशियन बाईंच्या भावाबद्दल पुस्तकात काहीच नाही.

पुस्तकावर नाव कसं घालायचं ते सांग. मॅडमनी विचारलं आहे.

तुझी,
यशोधरा

*

वारूळवाडी,
२ नोव्हेंबर १९९८

यशोधराला आत्याचा जयभीम.

तुझी शपथेची गोष्ट वाचली. मी तवा तिथंच व्हते. सोळा वर्षांची. माझ्या बापानं, म्हंजी तुझ्या आजोबानं, ढोलकी स्वतः विहिरीत टाकली. टाकताना त्याचं तोंड मी बघितलंय, तू न्हाई. तो बरोबर व्हता. वस्तीबी बरोबर व्हती. गावच्या पाटलापुढं आपल्या बाया नाचायच्या, ते बंद व्हायलाच पायजे व्हतं. पण मला दुसरं काय येत न्हवतं ग. सगळे बरोबर व्हते आन माझे पाय थांबत न्हवते. त्याच साली नारायणगावचा फड मंचरला आला, मी त्यांच्या गाडीत बसले.

नाना तवा लहान व्हता. मोठा झाल्यावर त्यानं निरोप धाडला, "आमचं आडनाव जाहिरातीवर दिसलं तर मी येऊन फाडीन." मंग फडाच्या मालकानं लावलं कोंडाबाई वारूळवाडीकर. तवापासनं मी वारूळवाडीकर. एवढी वर्सं भिंतीभिंतीवर तेच.

पुस्तकावर नाव कसं घालायचं म्हणतीस? आख्खं घाल. कोंडाबाई सोमाजी रोकडे. एवढंच मला पायजे. मानधन नको, शाल नको, तुझ्या मॅडमचं भाषणबी नको. बापाचं नाव आन बापाचं आडनाव. कंसात वारूळवाडीकर घातलं तरी चालंल, लोकांना कळावं म्हणून.

नाचगाण्याचं पुस्तक आसलं तरी पुस्तक हाय. पुस्तकावर आडनाव लागलं तर नानाला लाज का वाटावी? तूच त्याला समजव. तू शिकलीस, तुझं ऐकंल.

पोरींना सांगून बसलेय मी. काल फडाच्या राहुटीवर जानकू ढोलकीवाला म्हणाला, "बाई, आता आमी तुमाला रोकडे मॅडम म्हणायचं का?" म्हणलं, म्हण की मेल्या, जीभ झिजंल का तुझी!

आत्या

*

पुणे,
१४ एप्रिल १९९९

प्रिय आत्या,

आज जयंती, म्हणून घरी जायचं होतं, पण कामामुळे जमलं नाही. तुझी तीन पत्रं आली आणि मी उत्तर दिलं नाही, माफ कर.

पुस्तक छपाईला जायचं आहे. मॅडमनी भाषा थोडी बदलली आहे. शाळांनी ते घ्यावं असा त्यांचा प्रयत्न चालला आहे, तसं झालं तर खेड्यापाड्यातल्या मुली तुझे पाठ शिकतील. विचार कर, किती मोठी गोष्ट आहे ही! त्यासाठी तमाशा हा शब्द काही ठिकाणी काढून लोकनृत्य असा घातला आहे. मी आधी विरोध केला, मग मला वाटलं, शब्दाने काय होतं, पाय तर तुझेच आहेत.

नावाचं चालू आहे. बाबांशी बोलले. ते जेवणावरून उठून गेले. मी पुन्हा बोलेन. सध्या घरात धाकट्या साक्षीच्या लग्नाची बोलणी सुरू आहेत, मुलगा राजगुरुनगरचा आहे, बँकेत नोकरीला, नाव राजरत्न. माणसं मानी आहेत. ते एकदा पार पडलं की बाबा मऊ होतील.

तू काळजी करू नकोस. सगळं तू म्हणतेस तसंच होईल.

यशोधरा

*

वारूळवाडी,
२३ मे १९९९

यशोधराला आत्याचा जयभीम.

तुला एक सांगायचंय, ते वाचून उडी मारशील. नाना आला व्हता.

दुपारची येळ, मी तांदूळ निवडत व्हते. दारात सावली पडली. म्हणलं कुठल्या गावचा पंच आला तमाशाची सुपारी द्यायला, या दिवसात कशाला आला? बघते तर नाना. पांढरी टोपी, पिशवी, अगदी आपल्या बापासारखा वाकलाय. "अक्का" म्हणाला. मला पहिल्यांदा ऐकूच आलं न्हाई. तो खाटेवर बसला, पाणी प्याला, चहा प्याला, आन दुसरा कपबी घेतला. साखर कमी लागती त्याला, तू सांगितलं न्हवतंस.

काय बोललो ते लिहित न्हाई. बहीणभावाचं व्हतं. एवढंच सांगते, साक्षीच्या लग्नाला मला बोलावणार हाय. म्हणाला, "अक्का, आत्याचा मान तुझा."

मी इरकल लुगडं काढून ठेवलंय.

आत्या

*

पुणे,
५ डिसेंबर १९९९

प्रिय आत्या,

हे पत्र मी चार वेळा फाडलं.

पुस्तक बाहेर आलं. मुखपृष्ठावर मॅडमचं नाव आहे. तुझं नाव कुठेच नाही. आतल्या पानावर एक ओळ आहे, "वारूळवाडी येथील एका ज्येष्ठ कलावंत महिलेच्या सहकार्याने." इतकंच.

मला हे पावसाळ्यापासून माहीत होतं. सांगायचा धीर झाला नाही. आता ऐक. जून महिन्यात बाबा केंद्रात आले. मला न सांगता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मॅडमसमोर खुर्चीच्या कडेवर बसले होते. मी दारातून पाहिलं तेव्हा त्यांनी हात जोडले होते. "आमचं आडनाव तेवढं घालू नका, पोरीचं लग्न ठरतंय," असं ते म्हणत होते. मॅडम म्हणाल्या, "अहो, अगदी निश्चिंत राहा." बाबा गेल्यावर मी मॅडमना म्हटलं, मग निदान कोंडाबाई वारूळवाडीकर तरी ठेवा. त्यावर त्या म्हणाल्या, "यशोधरा, हे नाव महाराष्ट्रभर पोस्टरवर आहे. पुस्तक शाळांत जायचं आहे. पालक काय म्हणतील?"

बाबांनी तुझ्या पाठीमागे तुझं नाव पुसलं. तुझ्या घरी चहा पिऊन गेले आणि महिन्याभरात हे केलं. मी त्यांच्याशी बोलत नाही. मी राजीनामा लिहून ठेवला आहे. ज्या ठिकाणी शिकवणाऱ्याचं नाव चालत नाही, तिथे मी राहणार नाही. तू म्हणशील तर वर्तमानपत्रात लिहीन, सगळं, नावानिशी.

मला क्षमा करू नकोस.

यशोधरा

*

वारूळवाडी,
१६ डिसेंबर १९९९

यशोधराला आत्याचा जयभीम.

राजीनामा फाड. शिकलेल्या पोरीनं नोकरी सोडून कुणाचं भलं झालंय? पेपरात काय लिहू नको. लग्न ठरलंय, मोडंल.

आन नानाशी बोल. त्यानं पाठीमागं काय केलं न्हाई. आडनाव मी दिलं त्याला. तो मे महिन्यात आला व्हता तो त्यासाठीच. खाटेवर बसून रडला. म्हणाला, "अक्का, सोयरे मानी हायत. पुस्तकात रोकडे दिसलं आन कोणी विचारलं तर मी काय सांगू? एवढं सोड, मी तुला लग्नात सगळ्यांदेखत आत्या म्हणून बसवतो." मी म्हणलं, ने. कागदावरचं नाव घेऊन जा, मला माणसांतलं दे. तूच सांग, यात माझा तोटा काय? पुस्तक कोण वाचतंय? मंडपात मात्र सगळा तालुका येतोय. तुला सांगितलं न्हाई कारण तू भांडली आसतीस.

पण यशोधरा, मी नानाला रोकडे दिलं. वारूळवाडीकर मी कुणाला दिलं न्हवतं. ते तर माझं मी कमावलं व्हतं, पावसात चिखलात फळीवर नाचून. त्याच्यावर नानाचा हक्क न्हाई आन तुझ्या मॅडमचाबी न्हाई. ते काढताना तू तिथं उभी व्हतीस. सहा महिने गप बसलीस.

पुस्तक मी मागवून बघितलं. पोरींनी पान पान शोधलं. साळू म्हणाली, "बाई, ही 'एक ज्येष्ठ महिला' कोण हो?" मी म्हणलं, आसंल कोणी म्हातारी.

लग्नाला येते. मंग बोलू.

आत्या

*

पुणे,
२७ फेब्रुवारी २०००

प्रिय आत्या,

लग्नाच्या गडबडीत तुझ्याशी दोन शब्दही बोलता आले नाहीत, पण मी किती आनंदात आहे म्हणून सांगू! तू आलीस. आपल्या मंडपात, पुढच्या खुर्चीवर, हिरव्या इरकल लुगड्यात तू बसली होतीस. मी लांबून पाहिलं, बाबा तुझ्याशी वाकून बोलत होते. बेचाळीस वर्षांत जे घडलं नाही ते घडलं. मला वाटलं, पुस्तकावर नाव नसेना, हे त्याहून मोठं आहे. तूच बरोबर होतीस.

आणि हळदीच्या दिवशी आपल्या शाळेतल्या मुलींनी काय केलं, ते पाहिलंस ना? आपल्या पुस्तकातला पाचवा पाठ! त्यांच्या बाईंनी पुस्तक वाचून बसवला होता. तू उठून त्यांच्यात गेलीस, एकीचा पाय हाताने धरून नीट ठेवलास, तेव्हा सोयऱ्यांची माणसंसुद्धा कौतुकाने बघत होती. बाबाही टाळ्या वाजवत होते, आत्या! नाचाला, माझ्या बाबांनी!

लग्नाच्या दिवशी जेवायला तुला शोधलं तर तू निघून गेली होतीस. बाबा म्हणाले, फडाची सुपारी होती, गडबडीत गेली. असं न जेवता जायचं असतं का?

राजीनामा फाडला. मॅडमनी दुसऱ्या भागाचं काम माझ्याकडे दिलं आहे. पुढच्या आवृत्तीत ऋणनिर्देशात तुझं नाव घालायचा विचार करू असं त्या म्हणाल्या आहेत. मी पाठपुरावा करणार. पाठ अजून बरेच राहिलेत, तर या पावसाळ्यात मी पुन्हा येऊ ना?

तुझी,
यशोधरा

*

वारूळवाडी,
९ मार्च २०००

यशोधराला जयभीम.

मला कुठली सुपारी न्हवती. माझं नाचायचं वय हाय का? नाना म्हणाला आन तुला खरं वाटलं.

हळदीच्या दिवशी मी पुढच्या खुर्चीवर बसले तवा राजरत्नाची मावशी नानाला म्हणाली, "ह्या कोण? ओळख न्हाई करून दिली." मी लुगड्याचा पदर नीट केला. मला वाटलं आता म्हणतोय. नाना माझ्याकडं बघंना. म्हणाला, "ह्या वारूळवाडीच्या. पोरींच्या नाचाचं बघायला बोलावल्यात."

ती मावशी चांगली बाई. हसून म्हणाली, "मंग बसलात काय मावशी, उठा की. पोरी वाट बघत्यात." काय करणार? उठले. ते तू बघितलंस. पोरीचा पाय धरला ते तुला कौतुक वाटलं. सोयऱ्यांची माणसं बघत व्हती ती कामाला आणलेल्या बाईकडं. आन नानानं टाळ्या वाजवल्या, कारण त्याची बात खरी ठरली.

त्या पोरी टाच उलटी टाकत व्हत्या. पुस्तकात बघून बसवल्यावर आसंच व्हणार. त्यांना सांगितलं, पण एका हळदीत कितीक सांगणार.

दुसऱ्या दिवशीबी मी आले. म्हणलं काल चुकला आसंल, गडबडीत जीभ वळली न्हाई, आज मान देईल. अक्षता झाल्या. तुमच्या घरच्या सगळ्या बायांना लुगडी दिली. मला नानानं मंडपाच्या मागं बोलावलं आन पाकीट दिलं. बहिणीला लुगडं देत्यात यशोधरा. नाचणारीला पाकीट देत्यात. मी ते आचाऱ्याच्या पोरीला दिलं आन गाडी धरली.

मी त्याच्यावर चिडले न्हाई म्हणलं तर खोटं व्हईल. पण त्यानं आडनाव मागताना तोंडावर मागितलं व्हतं, रडून मागितलं व्हतं. तू न मागता गप बसलीस, आन आता ऋणनिर्देश म्हणतीस. त्या शब्दाचा अर्थ मला साळूला विचारायला लागला, तिचा नवरा कोर्टात शिपाई हाय.

पावसाळ्यात येऊ नको. राहिलेले पाठ लिहायचे न्हाईत. ते ज्यांच्या पायात मी चाळ बांधीन त्यांना देईन.

परवा फड इथंच मुक्कामाला व्हता तवा दोन नव्या पोरी आल्या, शिरोलीच्या. त्यांना थोरल्या पोरी शिकवत व्हत्या, गुरूचं नाव कसं घ्यायचं ते. "कोंडाबाई सोमाजी रोकडे" म्हणत व्हत्या, गेल्या दसऱ्याला मीच तसं शिकवलं व्हतं. मी आतून आवाज दिला, रोकडे काढा. सोमाजीबी काढा. कोंडाबाई वारूळवाडीकर म्हणा. त्यांनी म्हणलं. एकदम सोपं पडलं त्यांच्या तोंडात.

तूबी पत्रावर आत्या लिहू नको आता. रोकड्यांची मी कोणी लागत न्हाई, हे तुमच्याच मंडपात ठरलंय. माझ्या हाताखालच्या पोरी मला बाई म्हणत्यात. पण तू चाळ बांधायला नको म्हणलीस, त्यामुळं तुला तेबी म्हणता येणार न्हाई.

पाकिटावर नुसतं कोंडाबाई वारूळवाडीकर लिहिलंस तरी पत्र मला पोचतं. पोस्टमनला ठाव हाय. पण लिहिण्यासारखं काय आसंल तरच लिही.

कोंडाबाई वारूळवाडीकर